एकोणपन्नास रणगाडे, चालू सात

दिनांक १ जानेवारी १९४२ रोजी स्लोवाकियाच्या लष्कराच्या दप्तरी 'एलटी-३५' जातीचे एकोणपन्नास हलके रणगाडे जमा होते. त्यांपैकी चालू स्थितीत होते अवघे सात. मग उरलेले बेचाळीस कुठे गेले? कुठेच गेले नव्हते. ते देशातच, जागच्या जागी उभे होते. चोरीला गेले नव्हते, विकले गेले नव्हते, शत्रूने फोडलेही नव्हते. फक्त हलत नव्हते.

हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला दुसरे महायुद्ध आठवले नाही, आमच्या हिशेबतपासणीच्या तासाची आठवण झाली. सर सांगतात की साठ्याची नोंदवही बरोबर जुळली म्हणून हुरळून जाऊ नका. गोदामात जा आणि पोती हलवून बघा. गेले वर्षभर मी हेच करण्याचा प्रयत्न करतो आहे. गोदाम मात्र दूर आहे आणि पोती ऐंशी वर्षांपूर्वीची आहेत.

दुसऱ्या महायुद्धात स्लोवाकिया ह्या लहान देशाने 'जलद' म्हणून ज्या लष्करी तुकड्या उभ्या केल्या, त्यांची रचना कशी होती आणि त्यांच्याकडे साधनसामग्री काय होती, हा माझ्या वाचनाचा विषय. वाणिज्य शाखेच्या मुलाला हा नाद शोभत नाही असे पुष्कळांचे मत आहे. वसतिगृहातले मित्र मला 'रणगाडा' म्हणतात. त्याचे काही वाटत नाही. वाटले ते एका इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या बोलण्याचे. माझी वही चाळून तो म्हणाला, "अरे, ही यादी आहे. हा इतिहास नव्हे." त्याला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही. आता लिहून देतो.

माझे म्हणणे असे की, लष्कराचा इतिहास त्याच्या सेनापतींच्या भाषणांपेक्षा त्याच्या नोंदवहीत अधिक खरा सापडतो. मात्र ती नोंदवही ऑडिटरने वाचावी तशी वाचली पाहिजे. रणगाड्यांच्या शौकिनाने वाचली तर तीच नोंदवही त्याला चकवते, आणि कधीकधी त्याच्याकडून फार मोठा अपराध लपवून घेते. दोन्ही गोष्टी स्लोवाकियाच्या उदाहरणात दिसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३८-३९ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचे तुकडे केले. १४ मार्च १९३९ रोजी स्लोवाकिया 'स्वतंत्र' झाला आणि दुसऱ्याच दिवशी चेक मुलखात जर्मन फौजा शिरल्या. नव्या राज्याचा प्रमुख योझेफ तिसो हा कॅथलिक धर्मगुरू. २३ मार्चला जर्मनीशी संरक्षण-करार झाला, मुदत पंचवीस वर्षांची. त्या करारात असे कलम आहे की, स्लोवाकिया आपले सैन्य जर्मन सैन्याशी निकटच्या सहमतीने उभारील. म्हणजे सैन्य आपले, पण त्यात किती माणसे आणि कोणती हत्यारे असावीत हे दुसऱ्याला विचारून ठरवायचे. आणि गंमत बघा, ज्या दिवशी संरक्षणाची हमी मिळाली त्याच २३ मार्चला हंगेरीने पूर्वेकडून स्लोवाकियावर चाल केली. संरक्षक मदतीला आला नाही. पूर्वेकडचा एक पट्टा गेला तो गेलाच.

आता साधनसामग्रीकडे येऊ. फाळणीत मालमत्तेची वाटणी कशी होते हे सर्वांना ठाऊक आहे. मोजून, भाव लावून, सह्या करून. येथे तसे काही झाले नाही. ज्या दिवशी राज्य फुटले त्या दिवशी जी वस्तू ज्या छावणीत उभी होती ती त्या बाजूची झाली. चेकोस्लोव्हाकियाची एक रणगाडा रेजिमेंट स्लोवाकियातील मार्टिन ह्या गावी होती. त्यामुळे एलटी-३५ जातीचे बावन्न रणगाडे नव्या राज्याला मिळाले. रायफली, 'व्हीझेड-२६' जातीच्या हलक्या मशीनगन, तोफा आणि थोड्या चिलखती गाड्या अशाच आल्या. माणसांच्या बाबतीत मात्र उलटे झाले. अधिकारी बहुसंख्य चेक होते. ते निघून गेले. जुन्या चेकोस्लोव्हाक सैन्यात जनरलच्या हुद्द्याला पोहोचलेला स्लोवाक एकच होता, रुडॉल्फ विएस्त, आणि तोही देश सोडून गेला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

म्हणजे सुरुवातीचा ताळेबंद असा: मालमत्ता बरी, चालवणारे थोडे, आणि सुटे भाग परस्वाधीन. ही तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. पण रणगाड्यांची चित्रे असलेल्या पुस्तकांत तिच्यावर दोन ओळी सापडल्या तरी नशीब समजायचे. एलटी-३५ हा श्कोडाच्या कारखान्यात जन्मलेला रणगाडा. त्याचा गिअर आणि सुकाणू दाबलेल्या हवेच्या जोरावर चालत. चालवणाऱ्याला ते सुखाचे, दुरुस्त करणाऱ्याला डोकेदुखीचे. ते सुटे भाग चेक मुलखात, आणि चेक मुलूख जर्मनांच्या ताब्यात. एक साधी नळी फुटली तरी अर्ज परक्या दारात. ज्याच्याकडे मोटार आहे पण ज्याचा गॅरेजवाला सावकाराचा मेहुणा आहे, त्याला मोटारमालक म्हणायचे का, हा माझा प्रश्न आहे.

नव्याने जे विकत घेतले त्याचीही कथा तशीच. 'एलटी-४०' जातीचे एकवीस रणगाडे प्रागच्या कारखान्याने मुळात लिथुआनियासाठी बनवायला घेतले होते. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने लिथुआनियाच गिळला आणि माल पडून राहिला. तो स्लोवाकियाने घेतला. गिऱ्हाईक मेल्यावर उरलेले कपडे बेतात बसवून घ्यावेत तसे. पण रणगाडे आले ते तोफांविना! सुरुवातीला त्यांच्यावर फक्त मशीनगन होत्या. यादीत मात्र 'रणगाडे, २१' असेच लिहिलेले सापडते. तोफ नसलेल्या रणगाड्याला कोणत्या सदरात घालावे, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

येथे संशोधनाची एक अडचण सांगतो, कारण ती आपल्या गावच्या वाचकांना लगेच कळेल. एकाच वस्तूला तीन नावे असतात. चेक पुस्तकात 'एलटी व्हीझेड ३५', स्लोवाक पुस्तकात 'एलटी-३५', जर्मन पुस्तकात '३५ (टी)', आणि त्यातला 'टी' म्हणजे जर्मन भाषेतील 'चेक' ह्या शब्दाचे आद्याक्षर. गावांचेही तेच. ब्रातिस्लाव्हा जर्मनांना प्रेसबुर्ग आणि हंगेरियनांना पोझोन्य. सुरुवातीला मी एकच तुकडी दोन गावांत आणि एकच रणगाडा दोन यादींत मोजून बसलो होतो. पण एकाच गावाची दोन नावे, दोन लिप्यांतल्या दोन पाट्या आणि त्यांवरून होणारे वाद ह्यांत आपण वाढलो आहोत. घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी असा दिवस गेला की माणूस नावावर विसंबत नाही, वस्तू कोणती ते आधी बघतो. ह्या कामी मला त्याचा फार उपयोग झाला. (कन्नड विभागाच्या संपादकांनी हे वाक्य जरूर वाचावे.)

आणि एक नाव तर मला फारच आवडले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीच्या जोडीने पोलंडवर जाताना स्लोवाकियाने जे क्षेत्रीय सैन्य उभे केले त्याचे नाव 'बेर्नोलाक'. अंतोन बेर्नोलाक हा अठराव्या शतकातला पाद्री, स्लोवाक भाषेचे पहिले प्रमाण व्याकरण बांधणारा. व्याकरणकाराचे नाव सैन्याला देणारा देश मला तरी दुसरा माहीत नाही. भाषेच्या अभिमानाने निघालेली माणसे दुसऱ्याच्या बोटाला धरून शेजारच्या घरात कशी शिरतात, हेही त्यातच आले. असो.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि स्लोवाकियाही त्यात उतरला. संरक्षणमंत्री जनरल फेर्दिनांद चात्लोश ह्याने चाळीस हजारांहून अधिक माणसे पाठवली. येथून 'जलद' हा शब्द सुरू होतो. पायदळाच्या डिव्हिजन घोडागाड्यांवर आणि पायांवर चालणाऱ्या. जर्मन चिलखती सैन्य पुढे पळणारे. मध्ये दिवसादिवसाने अंतर वाढू लागले. म्हणून जेवढे ट्रक, मोटारसायकली, चिलखती गाड्या आणि रणगाडे जमतील तेवढे एकत्र करून एक 'जलद गट' केला आणि पुढे धाडला. त्यातून 'जलद ब्रिगेड' झाली. तिचा प्रमुख कर्नल पिल्फोउसेक. एलटी-३५ पैकी तीस ह्या मोहिमेत होते; जोडीला नवे एलटी-३८ आणि तोफ नसलेले थोडे एलटी-४०.

२२ जुलै १९४१ रोजी युक्रेनमध्ये विनित्साजवळच्या लिपोवेत्स ह्या गावी ह्या ब्रिगेडची परीक्षा झाली. सकाळी हल्ला पुढे गेला. मग सोव्हिएत प्रतिहल्ला आला, आणि शेवटी ब्रिगेडला मागे यावे लागले. एलटी-३५ पैकी तीन गेले. बावन्नातून तीन वजा केले की एकोणपन्नास. लेखाच्या पहिल्या ओळीतला आकडा येथून आला. मला हे जुळल्यावर, खरे सांगतो, परीक्षेत ताळेबंद जुळावा तसा आनंद झाला होता. आणि ते तीन रणगाडे म्हणजे आत माझ्याच वयाची मुले होती हे नंतर ध्यानात आले.

लिपोवेत्सनंतर जे झाले ते महत्त्वाचे. रणगाडे दुरुस्तीसाठी मायदेशी परत नेण्यात आले. सैन्याचा मोठा भाग, विशेषतः राखीव दलातली वयस्क माणसे, घरी पाठवण्यात आली. त्यांना वाहून नेण्याची सोय नव्हती आणि शेतेही पडून होती. उरलेल्यांतून दोन डिव्हिजन झाल्या. एक 'जलद डिव्हिजन', स्लोवाक भाषेत 'रीख्ला दिवीझिया', सुमारे दहा हजार माणसांची. दुसरी 'सुरक्षा डिव्हिजन', पिछाडीचे रस्ते, पूल आणि रेल्वे राखण्यासाठी आणि गनिमी पथकांविरुद्ध वापरण्यासाठी. चांगले ट्रक पहिलीला, जुने सामान दुसरीला.

म्हणजे ज्या क्षणी तुकडीला 'जलद' हे नाव डिव्हिजन म्हणून कायम झाले, त्याच क्षणी तिचे रणगाडे परत गेले होते. ती जलद होती ती ट्रकांमुळे. आणि ट्रक म्हणजे काय? प्राग, टाट्रा, श्कोडा, शिवाय जर्मन बनावटीचे. एवढ्या जातींच्या गाड्या एका डिव्हिजनमध्ये म्हणजे तेवढ्या जातींचे सुटे भाग, तेवढ्या मापांच्या टायरी, तेवढ्या प्रकारचे मेकॅनिक. पावसाळ्यात युक्रेनच्या काळ्या मातीचा चिखल कसा होतो हे आपल्याकडच्या काळवटात बैलगाडी रुतलेली ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको.

आमच्या गल्लीत पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार क्लार्क राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात असल्याने असे काका प्रत्येक गल्लीत एखादे तरी सापडतात. त्यांना मी माझी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने पाहिले आणि म्हणाले, "बाळा, ह्यात मंजूर किती ते लिवलंयस, हजर किती ते बी लिवलंयस. ऑफ-रोड कुठं हाय?" मी विचारले, ऑफ-रोड म्हणजे? "गाडी हाय, पण चालत न्हाई. नंबर हाय, ड्रायव्हर हाय, पेट्रोलचा हिशेब हाय. इन्स्पेक्शनला ढकलत आणून उभी करतात की!" लष्करी इतिहासाची किती तरी पाने वाचून मला जे समजले नव्हते ते काकांनी चहा निवायच्या आत सांगितले. त्या दिवशी मी वहीत तिसरा रकाना आखला.

त्याच काकांकडून आणखी एक धागा मिळाला. स्लोवाक शिपायाच्या हाती जी 'व्हीझेड-२६' मशीनगन होती ती ब्रनो येथील कारखान्याची. त्याच घराण्याची रचना इंग्रजांनी घेतली आणि एन्फिल्डच्या कारखान्यात तयार केली. ब्रनोतले 'ब्र' आणि एन्फिल्डमधले 'एन' मिळून नाव झाले ब्रेन. ब्रेनगन म्हटल्यावर काकांचे हात आपोआप मॅगझिन लावल्यासारखे हलले. मराठा पलटणींनी आफ्रिकेत आणि इटलीत जी ब्रेन वाहिली ती आणि स्लोवाकांची मशीनगन एकाच आईच्या लेकी. शिवाय सुरक्षा डिव्हिजनही १९४३ च्या अखेरीस इटलीत नेण्यात आली होती. पण लढायला नव्हे, बांधकामाला. नामदेव जाधव ह्यांनी सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो एप्रिल १९४५ मध्ये, त्याच देशात. दोघे समोरासमोर आले असे मी म्हणत नाही. एकाच देशात, एका बाजूला शिपाई आणि दुसऱ्या बाजूला फावडे दिलेला शिपाई होता, एवढेच म्हणतो.

आता मूळ प्रश्नाकडे. एकोणपन्नासपैकी सातच का चालू? पहिले उत्तर सरळ आहे: जुना रणगाडा, नाजूक गिअर, सुटे भाग परक्या हाती. पण ह्या विषयाच्या अभ्यासकांनी दुसरेही उत्तर दिले आहे. रणगाडे दुरुस्त झाले असते तर जर्मनांनी ते आघाडीवर मागितले असते. नादुरुस्त राहिले म्हणून देशात राहिले. म्हणजे शाळा चुकवायला मुलाने पोट दुखते म्हणावे तसे हे बेचाळीस रणगाडे आजारी होते! हे वाचल्यावर माझे मत बदलले. तोपर्यंत मी 'सात' हा आकडा अकार्यक्षमतेचा पुरावा समजत होतो. आता तो मला त्या सैन्याच्या थोड्या स्वतंत्र निर्णयांपैकी एक वाटतो. उघडपणे नाही म्हणता येत नव्हते; करारात 'निकटची सहमती' लिहिलेली होती. तेव्हा नाही म्हणायचे ते नोंदवहीतून म्हटले. कुठल्याही भाषणात हे सापडणार नाही. भाषणांत सगळे धर्मयुद्धच चाललेले होते. हे यादीतच सापडते, माझ्या इतिहासवाल्या मित्रा!

पण येथेच सावध राहिले पाहिजे. ह्या युक्तीचे कौतुक करताना त्या राज्याला निर्दोष ठरवण्याचा मोह होतो, आणि हौशी लिखाणात तो पदोपदी दिसतो. रणगाडे घरी ठेवले, पण माणसे आघाडीवरच होती. जलद डिव्हिजनने १९४१-४२ चा हिवाळा मियुस नदीच्या काठी काढला, जुलै १९४२ मध्ये रोस्तोव्हवरच्या हल्ल्यात ती होती, आणि तेथून ती काकेशसकडे गेली. ह्याच महिन्यांत मायदेशी काय चालले होते ते रणगाड्यांच्या पुस्तकात नसते.

२५ मार्च १९४२ रोजी पोप्राद ह्या स्टेशनावरून एक आगगाडी निघाली. तिच्यात सुमारे हजार ज्यू मुली आणि तरुण स्त्रिया होत्या. गाडी आउश्वित्झला गेली. ऑक्टोबरपर्यंत अशा गाड्यांतून सुमारे अठ्ठावन्न हजार ज्यू देशाबाहेर पाठवले गेले, आणि त्यांतले फारच थोडे परतले. आता वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी पुढचे वाक्य नीट वाचावे. पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे पाचशे मार्क जर्मनीला देण्याचे स्लोवाक सरकारने मान्य केले होते. माणूस न्यायचा आणि नेण्याचा खर्चही द्यायचा. पाचशे गुणिले अठ्ठावन्न हजार, हा गुणाकार मी वहीच्या समासात केला आणि बराच वेळ पुढे काही लिहिता आले नाही. ज्या देशाकडे आपल्या पायदळाला वाहून न्यायला गाड्या नव्हत्या, त्याच देशात ह्या कामासाठी गाड्या वेळेवर सुटत होत्या.

'ह्याचा जलद तुकड्यांशी काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध लष्कराच्या रचनेतच आहे. त्या राज्याच्या कायद्याने ज्यूंना आणि रोमांना हत्यारी सैनिक होता येत नव्हते; त्यांना श्रमतुकड्यांत घालत. ह्या तुकड्या लष्कराच्याच होत्या. पण त्यांच्याकडे रणगाडे नाहीत, तोफा नाहीत, साधनसामग्री म्हणजे कुदळ आणि फावडे. म्हणून रचना आणि साधनसामग्रीच्या बहुतेक तक्त्यांत त्यांना एक ओळसुद्धा मिळत नाही. माझ्याही वहीत ती ओळ पहिले आठ महिने नव्हती. कोणी लपवली नव्हती. मी जे रकाने आखले त्यांत ती बसत नव्हती. मी ह्याला ऑडिटमधली सर्वांत वाईट चूक समजतो. लिहिलेला आकडा चुकीचा असेल तर केव्हातरी पकडला जातो. जे सदरच उघडलेले नाही ते जुळलेल्या ताळेबंदात कधीच दिसत नाही.

म्हणून माझ्या मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे. यादी नुसती यादी म्हणून सोडली तर तो इतिहास नव्हेच.

आता त्या डिव्हिजनचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १९४३ च्या आरंभी काकेशसमधून माघार झाली. कुबानच्या कोपऱ्यात सापडलेली माणसे क्रिमियात काढून आणली. जड साहित्य बहुतेक तिकडेच राहिले. तोफा गेल्या, ट्रक गेले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डिव्हिजनचे नाव बदलून 'पहिली पायदळ डिव्हिजन' असे ठेवण्यात आले. 'जलद' हा शब्द पुसला गेला. सबंध दप्तरात इतकी प्रामाणिक नोंद मला दुसरी आढळली नाही. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस मेलितोपोलच्या बाजूला सुमारे दोन हजार स्लोवाक सैनिक सोव्हिएत बाजूला गेले. त्यांतल्या पुष्कळांतून सोव्हिएत संघात चेकोस्लोव्हाक छत्रीधारी ब्रिगेड उभी राहिली. सुरक्षा डिव्हिजनमधला कॅप्टन यान नालेप्का, पेशाने शाळामास्तर, आधीच गनिमी पथकांना मिळाला होता; तो नोव्हेंबर १९४३ मध्ये ओव्रुचच्या लढाईत पडला. जर्मनांनी मग उरलेल्या स्लोवाकांच्या हातची हत्यारे कमी करून त्यांना बांधकामाला लावले. मालकाला नोकराच्या निष्ठेचा संशय आला की तो आधी तिजोरीच्या किल्ल्या काढून घेतो.

१९४४ मध्ये स्लोवाक लष्कराने आपले सर्वांत चांगले साहित्य दोन डिव्हिजनना देऊन त्या देशाच्या पूर्व भागात, कार्पेथियन घाटांजवळ ठेवल्या. कागदावर हे त्या सैन्याचे सर्वोत्तम दिवस. २९ ऑगस्टला बान्स्का बिस्त्रित्सा येथे जर्मनांविरुद्ध उठाव झाला. त्याला ह्या दोन डिव्हिजनचा मोठा आधार धरलेला होता. पण आज्ञा वेळेवर मिळाल्या नाहीत, वरिष्ठ जागेवर नव्हते, आणि जर्मनांनी दोनच दिवसांत दोन्ही डिव्हिजनची हत्यारे जवळजवळ न लढताच काढून घेतली. उत्तम साठा, शून्य उपयोग. जनरल विएस्त ऑक्टोबरमध्ये विमानाने परत आला आणि त्याने उठावाच्या सैन्याची सूत्रे हाती घेतली. तोवर उशीर झाला होता. २७ ऑक्टोबरला बान्स्का बिस्त्रित्सा पडली. विएस्त पकडला गेला आणि जिवंत परतला नाही.

उठावकऱ्यांच्या हाती जे सामान होते त्यात एलटी-३५ पुन्हा दिसतात, तेच, आजारी म्हणून घरी राहिलेले. झ्वोलेनच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४ मध्ये तीन चिलखती आगगाड्या बांधल्या: श्तेफानिक, हुर्बान आणि मासारिक. मालडब्यांना पोलादी पत्रे लावले आणि जुने रणगाडे उचलून डब्यांवर बसवले. ज्यांचे गिअर चालत नव्हते त्यांनाही इंजिन ओढून नेत होते आणि तोफ तर चालत होती. माझ्या वहीत आता त्यांची नोंद करायची आहे. मंजूर, हजर, ऑफ-रोड ह्यांपैकी कुठल्या रकान्यात घालू, हे विचारायला रविवारी काकांकडे जाणार आहे.